इर्ल्याचा पूल आणि घाटकोपरची धूळ : कामगाराचं काम नेमकं संपतं कुठे?

अंधेरीहून एस. व्ही. रोडनं सांताक्रूझकडे निघालं की इर्ला लागतं. आपल्यापैकी अनेकजण तिथल्या ट्रॅफिकमध्ये रोज अडकतात. या रस्त्याला पूर्वी घोडबंदर रोड म्हणायचे. २० जुलै १९५७ रोजी याच रस्त्यावर, इर्ला पुलाजवळ, बेस्टच्या एका बसचा अपघात झाला. रस्त्यात एक लॉरी वाकडी उभी केलेली होती, बस तिच्यावर आदळली. बसमधला एक माणूस बाहेर फेकला गेला आणि काही दिवसांनी रुग्णालयात वारला.

तो माणूस बेस्टचाच ड्रायव्हर होता. पण ती बस तो चालवत नव्हता. दिवसभराची ड्यूटी संपवून, आपली गाडी जोगेश्वरी डेपोत लावून, दुसऱ्या बसनं तो सांताक्रूझला घरी निघाला होता.

आता सांगा, तो कामावर असताना गेला की काम संपल्यावर?

प्रश्न साधा वाटतो. पण याच्या उत्तरावर त्याच्या बायकोला नुकसानभरपाई मिळणार की नाही हे ठरणार होतं. त्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, सहा वर्षं लागली. कायद्याच्या पुस्तकात हा खटला 'बेस्ट विरुद्ध अॅग्नेस' म्हणून आजही शिकवला जातो. आपल्या उपनगरातला, आपल्या रस्त्यावरचा हा खटला आपल्यालाच माहीत नसतो, म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे. पण घरातलं कोणीही नोकरीला जात असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आधी थोडा मागचा इतिहास

शंभर वर्षांपूर्वी गिरणीत पट्ट्यात हात अडकून गेला, तर कामगाराला काय मिळायचं? मालकाची मर्जी असेल तर थोडे पैसे, नाहीतर काही नाही. कोर्टात जायचं म्हटलं तर मालकाचा हलगर्जीपणा कामगारानंच सिद्ध करायचा. साक्षीदार कोण? तर बाजूच्या साच्यावरचा माणूस, ज्याची स्वतःची नोकरी त्याच मालकाच्या हातात. १८५५ पासून प्राणघातक अपघातांबद्दल वारसांना दावा करता येईल असा एक कायदा होता, पण तिथेही चूक दाखवावी लागे. चाळीत राहणारी विधवा वकील कुठून आणणार?

जर्मनीनं १८८४ मध्ये आणि इंग्लंडनं १८९७ मध्ये वेगळा विचार स्वीकारला. यंत्रावर काम करायचं म्हणजे अधूनमधून अपघात होणारच. मग चूक कोणाची याचा काथ्याकूट कशाला? धंद्याचा नफा ज्याच्याकडे जातो त्यानंच धंद्यातल्या जखमेचा खर्च सोसावा.

हा विचार आपल्याकडे आला १९२३ मध्ये, 'कामगार नुकसानभरपाई कायदा' या नावानं. अंमल १ जुलै १९२४ पासून. तेव्हा दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे सरकारनियुक्त प्रतिनिधी होते आपले ना. म. जोशी. परळच्या गिरणगावात 'सोशल सर्व्हिस लीग'चं काम उभं करणारे, आयटकच्या स्थापनेतले, तेच जोशी.

कायदा आला, पण रकमा बघा. कामगार मेला तर वारसांना ३० महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यातलं जे कमी असेल ते. कायमचा पूर्ण अपंग झाला तर ४२ महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, पुन्हा जे कमी असेल ते. पहिल्या १० दिवसांच्या खाड्याचं काही नाही. तरीही एक गोष्ट मोठी होती. चूक मालकाची होती हे आता कामगाराला सिद्ध करावं लागणार नव्हतं. सिद्ध एवढंच करायचं की अपघात 'नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात' झाला.

हे चार-पाच शब्द इंग्लंडच्या कायद्यातून उचललेले. पुढच्या शंभर वर्षांतली बहुतेक भांडणं याच शब्दांवर झाली. पूर्वी मालक म्हणायचा, 'माझी चूक नाही'. आता म्हणू लागला, 'तो तेव्हा कामावर नव्हताच'.

ड्रायव्हरचा कारखाना कुठला?

आता परत १९५७ मध्ये या. त्याच वर्षी मुंबईची हद्द दुसऱ्यांदा वाढून दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली होती. १९५० मध्ये एकदा वाढली होतीच. शहर लांबत होतं आणि बसचे मार्गही लांबत होते. ड्रायव्हर राहणार एकीकडे, डेपो दुसरीकडे, आणि शिफ्ट अशा वेळेला की पहाटे निघावं लागे किंवा रात्री परतावं लागे.

अॅग्नेस यांचा अर्ज नुकसानभरपाई आयुक्तांनी फेटाळला. कारण सरळ होतं. ड्यूटी संपली, गाडी डेपोत जमा झाली, पुढचा प्रवास ज्याचा त्याचा. यात चुकीचं काय असं कोणालाही वाटेल. शिवाय बेस्टच्या बाजूनं सुप्रीम कोर्टाचाच एक ताजा निकाल होता. पोरबंदरजवळ मिठागरातले कामगार काम आटोपून होडीनं खाडी ओलांडताना बुडाले होते. तिथे १९५८ मध्ये कोर्टानं म्हटलं होतं की ते आपल्या वाटेनं घरी निघाले होते, कामाची हद्द तोवर संपली होती. भरपाई नाही.

पण मुंबई हायकोर्टानं अॅग्नेस यांच्या बाजूनं निकाल दिला. बेस्ट सुप्रीम कोर्टात गेली. १० मे १९६३ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठानं दोन विरुद्ध एक अशा मतांनी हायकोर्टाचा निकाल कायम ठेवला. बहुमताचा निकाल न्या. सुब्बा राव यांनी लिहिला. न्या. मुधोळकर त्यांच्याबरोबर होते. न्या. रघुबर दयाल यांचं मत वेगळं पडलं.

निकालातला युक्तिवाद फार वाचनीय आहे. बेस्टच्या नियमांप्रमाणे गणवेशातल्या ड्रायव्हरला बसमधून फुकट जाता येत असे. ही सवलत कशासाठी? ड्रायव्हरवर मेहेरबानी म्हणून? कोर्ट म्हणालं, नाही. एवढ्या पसरलेल्या शहरात ड्रायव्हर वेळेवर डेपोत पोचावा, दमूनभागून येऊ नये, बससेवा नीट चालावी, म्हणून ही सोय आहे. म्हणजे ती बेस्टच्या कामाचाच भाग झाली. पुढचं वाक्य तर खास आहे. त्याचा आशय असा, की कारखान्याला गेट असतं, भिंत असते. शहरभर धावणाऱ्या बससेवेला ते नसतं. तिथे बसगाड्यांचा अख्खा ताफा हीच कामाची जागा धरावी लागेल.

म्हणजे जोगेश्वरी ते सांताक्रूझ धावणारी ती बस, तिच्यात बसलेल्या त्या दमलेल्या ड्रायव्हरपुरती, बेस्टची 'आवार'च होती.

वेगळं मत देणारे न्यायमूर्ती म्हणत होते की फुकट प्रवास ही केवळ सवलत आहे. ड्यूटी संपल्यावर तो माणूस इतर प्रवाशांसारखाच. हा मुद्दाही वाऱ्यावर सोडण्यासारखा नव्हता, कारण तिथे रेघ ओढली नाही तर ओढायची कुठे? हीच रेघ पुढची साठ वर्षं मागेपुढे होत राहिली. त्याकडे येतोच. पण त्याआधी मध्य रेल्वेच्या बाजूला, घाटकोपरला जाऊ. तिथे प्रश्न जागेचा नव्हता, वेळेचा होता.

अपघाताला तारीख असते, आजाराला नसते

एल. बी. एस. मार्ग, जुना आग्रा रोड. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकेकाळी कारखानेच कारखाने होते. आज तिथे मॉल आणि टॉवर आहेत, कारखान्यांच्या शिफ्टचे भोंगे आठवणारी पिढी म्हातारी झाली. घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो नावाचा कारखाना होता, पुढे हिंदुस्थान कंपोझिट्स. तिथे गाड्यांचे ब्रेक लायनिंग वगैरे बनायचं. त्यात ॲस्बेस्टॉस वापरलं जायचं. मूळ कंपनी इंग्लंडची टर्नर अँड न्यूऑल, एकेकाळची ॲस्बेस्टॉसमधली जगातली बडी कंपनी.

या कंपनीचा इंग्लंडमधला इतिहास इथे सांगायलाच हवा. मार्च १९२४ मध्ये रॉचडेल गावी नेली कर्शॉ नावाची ३३ वर्षांची बाई फुफ्फुसं निकामी होऊन वारली. ती टर्नर समूहाच्या ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात काम करायची. डॉक्टरांनी आजाराचा संबंध ॲस्बेस्टॉसशी जोडला. कंपनीनं भरपाई नाकारली. हा आजार कायद्याच्या यादीत नव्हता, आणि एकीला पैसे दिले तर पायंडा पडेल ही भीती. तिच्यावर पुढे वैद्यकीय नियतकालिकात लेख आला, १९३० मध्ये ब्रिटिश सरकारची पाहणी झाली, १९३१ मध्ये तिथे नियम झाले आणि भरपाईही लागू झाली.

नेली गेली मार्च १९२४ मध्ये. आपला नुकसानभरपाई कायदा सुरू झाला जुलै १९२४ मध्ये. आपल्या त्या पहिल्या कायद्यातही धंद्यातल्या आजारांची यादी होती, पण अगदी त्रोटक. शिशाची विषबाधा, फॉस्फरसची विषबाधा, आंथ्रॅक्स. फुफ्फुसात साचणारी धूळ त्यात नव्हती. ती फार उशिरा यादीत आली.

यादीत येणं एवढं महत्त्वाचं का? हात तुटला तर तो कधी तुटला हे सगळ्यांना दिसतं. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून आत जातात आणि तिथेच राहतात. दम लागायला लागतो तोवर पंधरा-वीस वर्षं, कधी त्याहून जास्त काळ गेलेला असतो. कामगार निवृत्त झालेला असतो, गावी गेलेला असतो, कंपनीचं नावही बदललेलं असतं. अशा वेळी 'हे तुमच्या कारखान्यामुळे झालं' हे सिद्ध कोणी आणि कसं करायचं? म्हणून कायदा म्हणतो, अमुक आजार, अमुक धंदा, अमुक काळ काम केलेलं, एवढं दाखवलं की तो कामामुळेच झाला असं धरून चालायचं. आज ॲस्बेस्टॉसिस आणि सिलिकॉसिस या यादीत आहेत.

पण यादीत नाव असणं आणि हातात सर्टिफिकेट असणं यात फार अंतर आहे. २००४ मध्ये डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी, निवडून आलेल्या युनियन प्रतिनिधींच्या मदतीनं, घाटकोपरच्या या कारखान्यातल्या कायम कामगारांची तपासणी केली. २३२ पैकी १८१ कामगार तपासणीला आले. त्यातल्या पाचात एकाहून जास्त जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. हा अभ्यास २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला.

त्या दोघांनी त्यात लिहिलेलं एक वाक्य मन सुन्न करतं. भारतात ॲस्बेस्टॉसशी संपर्क आलेले कामगार अंदाजे १ लाख. त्यातल्या भरपाई मिळालेल्यांची संख्या? ३० पेक्षा कमी. कारणंही त्यांनी स्पष्ट दिली आहेत. कंपनीनं नेमलेल्या तपासण्यांमध्ये सर्टिफिकेट मिळत नाही. डॉक्टरांना धंद्यातले फुफ्फुसाचे आजार ओळखायचं शिक्षणच नसतं. आणि ॲस्बेस्टॉसिसला सरळ टीबी किंवा जुनाट ब्राँकायटिस असं लेबल लावलं जातं. आपल्याकडे चाळीत, झोपडपट्टीत कोणी खोकायला लागलं की 'टीबी झालाय' हे सगळ्यांना पटतं. घरच्यांनाही पटतं. मग कोण विचारतो की हा माणूस वीस वर्षं कशाच्या धुळीत उभा होता?

१९९५ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं ॲस्बेस्टॉसच्याच एका जनहित याचिकेवर निकाल देताना कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं होतं. आदेश दिला होता की ॲस्बेस्टॉस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद ४० वर्षं, किंवा तो निवृत्त झाल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर जपून ठेवायची. ४० वर्षं! कोर्टाला कळलं होतं की या कामाचा हिशोब निवृत्तीच्या निरोप समारंभाला संपत नाही.

बोटांचा दरतक्ता

जखमेची किंमत कशी ठरते हेही थोडक्यात बघू. साकीनाका, मरोळ, भांडुपच्या गाळ्यांत पॉवर प्रेसवर काम करणाऱ्यांना हा विषय सांगायला नको.

कायद्याच्या परिशिष्टात एक तक्ता आहे. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के कमी झाली असं धरायचं. तर्जनी गेली तर १४ टक्के. मधलं बोट १२. करंगळी ७. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असला तर ४०. अख्खा पंजा गेला तर ६०. वाचताना अंगावर काटा येतो, पण तक्त्याचा फायदा असा की मालकाशी घासाघीस करावी लागत नाही.

मात्र तक्ता हा शेवटचा शब्द नाही. ओडिशातला एक सुतार सिनेमागृहात नक्षीकाम करताना १९६८ मध्ये पडला, आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालक म्हणाला, तक्त्याप्रमाणे हे अंशतः अपंगत्व आहे. १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या चार न्यायमूर्तींनी सांगितलं की हा माणूस सुतार आहे, आणि सुतारकाम एका हातानं होत नाही. त्याच्यापुरतं हे १०० टक्के अपंगत्व. वर हेही सांगितलं की मालकाची देणेदारी अपघाताच्या दिवसापासूनच सुरू होते, निकालाच्या दिवसापासून नाही. म्हणून आजही आयुक्तांसमोर पहिला प्रश्न असला पाहिजे, 'हा माणूस काय काम करत होता आणि ते आता त्याला करता येतं का?'

कामगार विमा आला

एकेका मालकाच्या मागे लागून पैसे वसूल करण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून वर्गणी भरावी आणि उपचार, पेन्शन त्यातून मिळावं, ही कल्पना प्रा. बी. पी. अदारकर यांच्या १९४४ च्या अहवालातून पुढे आली. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९४८ मध्ये ईएसआय कायदा झाला, १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली, मुंबईत १९५४ मध्ये आली. मुलुंड, कांदिवली, अंधेरी-मरोळची कामगार रुग्णालयं याच योजनेची.

ईएसआयखाली येणाऱ्या कामगाराला कामावर जखम झाली तर १९२३ च्या कायद्याखाली मालकाकडे वेगळा दावा करता येत नाही, ईएसआयचंच घ्यायचं. एकरकमी पैशांऐवजी आयुष्यभराची पेन्शन आणि उपचार, हे तत्त्व म्हणून चांगलंच आहे. पण मग रुग्णालय चालू पाहिजे, डॉक्टर पाहिजे. १७ डिसेंबर २०१८ ला मरोळच्या कामगार रुग्णालयाला आग लागली, माणसं गेली, आणि त्या भागातल्या कामगारांना उपचारासाठी लांब लांब जावं लागलं, हे अंधेरीकर विसरलेले नाहीत. आणखी एक मेख म्हणजे पगाराची मर्यादा. २०१७ पासून ती महिना २१,००० रुपयांवर अडली. मुंबईत त्याच्या वर पगार गेला की माणूस श्रीमंत होत नाही, पण ईएसआयच्या बाहेर जातो.

रेघ पुन्हा सरकते

आता रस्त्याकडे परत. 'बेस्ट विरुद्ध अॅग्नेस' नंतर वाटलं होतं की कोर्टं प्रवासाकडे उदारपणे बघतील. तसं नेहमी झालं नाही. केरळमधला एक कामगार साडेचारच्या शिफ्टला सायकलवरून निघाला होता. कारखाना एक किलोमीटरवर असताना सव्वाचारला लॉरीनं उडवलं, खांद्याचं हाड मोडलं. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं, ही नोकरीतली जखम नाही. सायकल त्याची, रस्ता सगळ्यांचा. बेस्टच्या ड्रायव्हरची बस मालकाची होती, हाच काय तो फरक.

मग संसदेनंच कायदा बदलला. १ जून २०१० पासून ईएसआय कायद्यात नवीन कलम आलं. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघातही नोकरीतलाच धरायचा, मात्र अपघाताची वेळ, जागा, परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे. त्याच वर्षी १९२३ च्या कायद्याचंही नाव बदललं. 'कामगार' जाऊन 'कर्मचारी' आलं. पण प्रवासाचं कलम त्या कायद्यात आलं नाही. म्हणजे ईएसआयवाल्याला हक्क आणि बाकीच्यांना नाही, असा विचित्र प्रकार.

हा तिढा सोडवणारं प्रकरणही महाराष्ट्रातलंच निघालं. उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव. साखर कारखान्याचा एक वॉचमन, ड्यूटी पहाटे ३ ते सकाळी ११. २२ एप्रिल २००३ ला मोटरसायकलवरून कामावर निघाला आणि कारखाना साधारण ५ किलोमीटरवर असताना अपघातात गेला. मागे बायको, चार मुलं आणि आई. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केलं. २०११ मध्ये हायकोर्टानं ते रद्द केलं. २९ जुलै २०२५ रोजी सुप्रीम कोर्टानं पुन्हा मंजूर केलं. कोर्ट म्हणालं, दोन्ही कायदे एकाच हेतूचे आहेत, तेव्हा १९२३ च्या कायद्यातले ते जुने शब्दही असेच वाचायचे. प्रवासातला अपघात, नोकरीशी संबंध दिसत असेल तर, नोकरीतलाच. जो माणूस रात्री अडीचला घराबाहेर पडतो तो दुसऱ्या कशासाठी पडणार?

अपघातापासून २२ वर्षं. मुलं लहान होती ती मोठी झाली असतील. हक्क मिळाला हे खरं, आणि तो किती उशिरा मिळाला हेही तितकंच खरं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्रानं चार कामगार संहिता लागू केल्या. १९२३ चा कायदा आणि ईएसआय कायदा दोन्ही सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. जाण्यायेण्याच्या अपघाताची तरतूद त्यात लिहूनच आली आहे.

मग आपल्या इथे याचा अर्थ काय?

बोरिवली, मुलुंडहून रोज लोकल, बस, बाईकनं कामाला जाणाऱ्यांना हे माहीत असणं फार गरजेचं आहे. लोकलमधून पडून माणूस गेला की घरचे रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जातात, आणि ते बरोबरच आहे. पण तो कामावर चालला होता हे मालकाकडे कोणी मांडतही नाही. रेल्वे कायदा नोकरीच्या भरपाईचा हक्क काढून घेत नाही, फक्त एकाच अपघाताची भरपाई दोनदा घेता येत नाही. कुठे जास्त मिळतं हे जाणकाराला विचारून ठरवा.

आणि आता आजच्या इर्ल्याकडे बघा. पाठीवर चौकोनी बॅग घेऊन पावसात बाईक मारणारी मुलं. ऑर्डर पोचवताना अपघात झाला तर तो कामावर होता. ऑर्डर देऊन झाली, पुढच्या ऑर्डरची वाट बघत होता, तेव्हा? ॲप बंद करून घरी निघाला होता, तेव्हा? नव्या संहितेत या मुलांचा उल्लेख आहे, पण 'कर्मचारी' म्हणून नाही, वेगळ्या रकान्यात. त्यांच्यासाठी योजना आणि कंपन्यांच्या उलाढालीतून १ ते २ टक्के वर्गणी. नुकसानभरपाईचं प्रकरण मात्र कर्मचाऱ्यांसाठी आहे. १९६३ मध्ये कोर्टानं म्हटलं होतं की भिंत नसलेल्या धंद्याला बसगाड्यांचा ताफा हीच कामाची जागा. ज्या धंद्याला भिंतही नाही आणि ताफाही स्वतःचा नाही, बाईक त्या मुलाची आणि रस्ता सगळ्यांचा, त्याची कामाची जागा कुठली? हा खटला कोणीतरी लढवणार आहे. कदाचित आपल्याच उपनगरातून.

तोवर ही यादी घरात सांगून ठेवा, आणि ओळखीच्या कामगारांपर्यंत पोचवा :

१. कामावर किंवा येताजाता अपघात झाला तर मालकाला लगेच लेखी कळवा. व्हॉट्सॲप मेसेज केला असेल तर तो जपून ठेवा.

२. रुग्णालयाच्या पहिल्या कागदावर 'कामावर असताना' किंवा 'कामावर जाताना' हे लिहून घ्या. नंतर हे लिहून मिळत नाही.

३. पगाराची स्लिप, हजेरी, ओळखपत्र, खात्यात जमा झालेल्या पगाराची नोंद, शिफ्टची वेळ. यातलं जे असेल ते एका फाइलमध्ये ठेवा.

४. ठेकेदाराचा माणूस असलात तरी ज्याच्या जागेवर, ज्याच्या धंद्याचं काम करत होतात तो मुख्य मालक जबाबदारीतून सुटत नाही. हे १९२३ पासूनचं तत्त्व आहे.

५. 'एवढे घे आणि सही कर' अशा कागदावर घाईत सही करू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यात टिकत नाही, पण तो रद्द ठरवून घेण्यात वर्षं जातात.

६. उशीर करू नका. १९२३ च्या कायद्यात दाव्याला २ वर्षांची मुदत होती. सबळ कारण असेल तर उशीर माफ व्हायचा, पण त्या भरवशावर बसू नका. मालकानं महिनाभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि वर ५० टक्क्यांपर्यंत दंड, अशी तरतूद त्या कायद्यात होती. हे मागायलाही विसरू नका.

७. धुळीत, केमिकलमध्ये, मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलं असेल आणि दम लागत असेल, ऐकू कमी येत असेल, तर डॉक्टरांना आजार सांगण्याआधी काम सांगा. कुठल्या कारखान्यात, कुठल्या खात्यात, किती वर्षं. एल. बी. एस. मार्गावरचे कारखाने पाडून झाले, पण तिथली धूळ अजून कित्येकांच्या छातीत आहे. तुमच्या घरात, शेजारी असं कोणी निवृत्त असेल तर त्यांना ही पोस्ट वाचून दाखवा.